कमोडोर ५२६ : एका तबकडीचा माग

जॅझ गायिका बिली हॉलिडेवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा तिच्या आयुष्याबद्दल लिहायचं मनात होतं. त्या आयुष्याची कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. मी मात्र तिच्या रेकॉर्डांची यादी करायला बसलो आणि त्या यादीतच अडकलो. ‘स्ट्रेंज फ्रूट’ एवढं एक गाणं घेतलं, तरी एका एलपीवर एका कंपनीचं नाव, दुसरीवर दुसरीचं, सीडीवर तिसरीचं. वर्षंही प्रत्येक ठिकाणी निराळी. मागे मागे जात राहिलं की शेवटी हाती येते ती लाखेची दहा इंची तबकडी. लेबल कमोडोर, क्रमांक ५२६, ध्वनिमुद्रण २० एप्रिल १९३९. एका बाजूला ‘स्ट्रेंज फ्रूट’, दुसऱ्या बाजूला ‘फाइन अँड मेलो’.

कमोडोर हे मुळात दुकान. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर कमोडोर हॉटेलासमोर गॅब्लर कुटुंबाचं रेडिओ आणि विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यांचा मुलगा मिल्ट पोरवयातच तिथे रेकॉर्डी विकायला लागला आणि पुढे दुकानाचा सगळा रोखच त्याने जॅझकडे वळवला. मोठ्या कंपन्यांनी बाजारातून काढून घेतलेल्या जुन्या रेकॉर्डी तो त्यांच्याकडूनच पुन्हा छापून घ्यायचा आणि विकायचा. १७ जानेवारी १९३८ रोजी त्याने स्वतःच्या लेबलासाठी पहिलं ध्वनिमुद्रण केलं. जॅझवादक बेनी गुडमनचा कार्नेगी हॉलमधला गाजलेला कार्यक्रम आदल्याच रात्री झाला होता.

या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि त्याचं कारण लेबलावरचा मजकूर आहे. त्या काळी लेबलावर गाण्याचं आणि वाद्यवृंदाच्या म्होरक्याचं नाव आलं की काम झालं असं मानत. ट्रम्पेट कोणी वाजवला, ड्रमवर कोण होता, हे गिऱ्हाइकाला सांगायची कोणाला गरज वाटत नसे. गॅब्लरने प्रत्येक वादकाचं नाव छापायला सुरुवात केली. कान तयार असलेलं गिऱ्हाईक हेच आधी विचारतं, हे त्याला काउंटरमागे उभं राहून कळलं होतं. ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या वेळी फ्रँकी न्यूटन ट्रम्पेटवर, टॅब स्मिथ आल्टो सॅक्सोफोनवर आणि सनी व्हाइट पियानोवर होते, हे आज आपण खात्रीने सांगू शकतो. वादकांना नावानिशी मान देणारी अशी माणसं तेव्हा होती म्हणून ते शक्य आहे.

हे गाणं त्याच्याकडे आलं कसं? ते लिहिलं एबल मिरोपोल या शाळामास्तरांनी. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत, त्यावरचं ते गाणं. बिली ते ग्रिनिच व्हिलेजमधल्या कॅफे सोसायटीत म्हणत असे. तिचा करार कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी होता, पण दक्षिणेतले विक्रेते आणि रेडिओवाले बिथरतील या धास्तीने कोलंबियाने ते मुद्रित करायचं नाकारलं. मात्र एका बैठकीपुरती तिला मोकळीक दिली. त्या बैठकीत चार गाणी झाली. ‘स्ट्रेंज फ्रूट’ मुळात आखूड, तबकडीची बाजू त्याने भरेना. म्हणून गॅब्लरने सनी व्हाइटला सुरुवातीला पियानो वाजवत राहायला सांगितलं. बिलीचा आवाज मिनिटभर उलटून गेल्यावर येतो. ती वाट पाहायला लावणारी सुरुवात तबकडीच्या मापातून जन्माला आली.

आता त्या मापाकडे, म्हणजे तबकडीकडेच नीट बघू. गाण्याच्या खाचा संपल्या की लेबलाभोवती एक गुळगुळीत कडा उरते. तिथे काही बारीक अक्षरं असतात. प्रकाशात तिरकं धरलं तर दिसतात, एरवी दिसत नाहीत. ५२६च्या पहिल्या बाजूला तिथे सापडतो तो क्रमांक डब्ल्यूपी २४४०३, पुढे एक अक्षर. हा मॅट्रिक्स क्रमांक.

त्या वेळचं मुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. गाणारा गातोय, सुई मेण कोरतेय. चूक झाली तर ती तबकडी बाद आणि पुन्हा पहिल्यापासून. तोडून जोडायची सोय नव्हतीच. गाणं कोरून झालं की त्याच मेणाच्या कडेवर क्रमांक लिहीत. मेणावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढत, त्यावरून सुलटी धातूची प्रत आणि तिच्यावरून पुन्हा उलटे साचे. त्या साच्यांत गरम लाखेचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. साचा झिजला की धातूच्या प्रतीवरून नवा काढता येई. या सगळ्या प्रवासात मेणावरचा तो क्रमांक साच्याबरोबर पुढे जात राहतो. वरचं कागदी लेबल प्रत्येक खेपेला नवं चिकटवलं जातं. दुकानाची पाटी बदलते, सातबाऱ्यावरचा गट नंबर तोच राहतो, तसं. मॅट्रिक्सपुढचं ‘ए’ किंवा ‘बी’ हे अक्षर सांगतं की त्या दिवशीचा हा पहिला प्रयत्न की दुसरा. १९४४पर्यंत कमोडोरवर अक्षरांच्या जागी १, २ असे आकडे येऊ लागले.

बघता बघता हे आकडे बोलू लागतात. जेमतेम सव्वा वर्षाच्या लेबलाचा क्रमांक चोवीस हजारांच्या घरात कसा? ती क्रममाला कमोडोरची नव्हती, जिथे मुद्रण झालं त्यांची होती. गॅब्लरकडे स्वतःचा स्टुडिओ नव्हता, दाबयंत्रं नव्हती. छोटी लेबलं दुसऱ्यांच्या यंत्रांवर जगत, आणि म्हणून त्यांचा इतिहास दुसऱ्यांच्या वह्यांत विखुरलेला असतो. बिलीची कमोडोरवरची पुढची बारा गाणी २५ मार्च, १ एप्रिल आणि ८ एप्रिल १९४४ या तीन दिवसांत झाली. पण ५५३ क्रमांकाच्या रेकॉर्डवर ‘आय’ल गेट बाय’ मार्चमधलं आणि ‘आय’ल बी सीइंग यू’ एप्रिलमधलं. ५५९वर पुन्हा मार्च आणि आठ एप्रिल एकाच तबकडीच्या दोन बाजूंना. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा क्रम सांगतो. गायिका कोणत्या दिवशी काय गायली, ते कडेवरच्या आकड्यालाच विचारावं लागतं.

हे विचारण्याचं शास्त्र उभं केलं ते हौशी माणसांनी. पॅरिसच्या शार्ल दलोनेने १९३६मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली. इंग्लंडच्या ब्रायन रस्टने १८९७पासूनच्या जॅझ रेकॉर्डांची नोंद करण्यात उभं आयुष्य घातलं. आपल्याकडे मुंबईत १९९०पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या जुन्या तबकड्यांवर याच पद्धतीने काम करत आली. गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते, हा आपल्या सुरुवातीच्या रेकॉर्डांचा आधार त्यांना होता. जॅझवाल्यांना तो नव्हता, म्हणून त्यांची मदार आकड्यांवर अधिक.

मोठ्या कंपन्यांच्या करारात अडकलेले वादक छोट्या लेबलांवर टोपणनावाने वाजवत, हा आणखी एक गुंता. १९३९मध्ये लिबर्टी म्युझिक शॉप या दुकानाने ली वायली या गायिकेकडून गर्शविनची गाणी गाऊन घेतली. त्यात फॅट्स वॉलर ‘मॉरिस’ नावाने वाजवतो. वायलीच्या पुढच्या रॉजर्स आणि हार्ट, कोल पोर्टर, हॅरल्ड आर्लेन यांच्या गाण्यांच्या संचांसाठीही अशीच छोटी लेबलं लागली. एका गायिकेचं पाच वर्षांचं महत्त्वाचं काम दुकानांच्या नावांखाली विखुरलेलं आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. रेकॉर्डची लाख यायची भारतातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून. कुसुम, पळस, बोरीच्या झाडांवर किड्यांनी घातलेलं ते वेष्टन खरवडून, वितळवून जहाजाने परदेशी जात असे. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डांसाठीच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. लोकांनी जुन्या तबकड्या आणून द्याव्यात, त्या दळून नव्या करू, अशी मोहीम निघाली. छोट्या लेबलांच्या मोजक्या प्रतींपैकी किती त्या जात्यात गेल्या असतील, या विचाराने जीव कळवळतो. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला. कोलंबिया आणि व्हिक्टर नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून बसल्या. छोट्या कंपन्यांनी आधी तडजोड केली, म्हणूनच १९४४च्या वसंतात बिली कमोडोरसाठी गाऊ शकली.

गॅब्लर १९४१पासून डेका या रेकॉर्ड कंपनीत नोकरीला होता. पुढे त्याने बिलीला तिथे नेलं आणि कमोडोर मागे पडत गेलं. तबकड्यांचे हक्क मात्र फिरत राहिले. साठीच्या दशकात मेनस्ट्रीम नावाच्या लेबलाने त्या एलपीवर आणल्या, १९७२मध्ये अटलांटिकने ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाची एलपी काढली, आणि १९८०नंतर मोझेकने सगळं कमोडोर तीन भल्यामोठ्या खोक्यांत भरलं. प्रत्येक खेपेला काहीतरी बदललं. मूळ मोनो मुद्रण ‘स्टिरिओ’ म्हणून विकण्यासाठी ते दोन कानांत कृत्रिमरीत्या विभागलं गेलं. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी खरोखर ७८च्याच गतीने कोरली होती असं नसतं. उतरवून घेताना गती किंचित चुकली की गाण्याची पट्टी सरकते आणि गायिकेचा आवाज तरुण किंवा थकलेला वाटू लागतो. आधी न निघालेले टेक, म्हणजे त्याच गाण्याचे दुसरे प्रयत्न, मागाहून निघाले. कित्येक स्वस्त सीडींवर कोणता टेक घेतला आहे ते लिहिलेलंच नाही.

अशा वेळी कानांशिवाय दुसरा उपाय नाही. ट्रम्पेट एका ओळीनंतर कुठे सुरू होतो, शेवटचा स्वर किती लांबतो, बिली एखादं अक्षर तालाच्या किती मागे ठेवते, हे मूळ तबकडीशी ताडून बघावं लागतं. आता मोबाइलवरच्या ॲपांत गाण्यासोबत एक वर्ष दिसतं, पण पुष्कळदा ते त्या संचाचं वर्ष असतं. १९३९मध्ये धाडसाने काढलेलं गाणं २००५चं म्हणून दिसू शकतं. पुढची पिढी तोच आकडा उतरवून घेईल, याची मला खरी काळजी वाटते.

मूळ साधनंही सुरक्षित नाहीत. २००८मध्ये हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तिच्यात डेकाच्या संग्रहातल्या असंख्य मूळ मुद्रिका नष्ट झाल्याचं वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९मध्ये दिलं. नुकसानीचा तो अंदाज कंपनीने मान्य केला नाही. मूळ गेलं की लोकांच्या कपाटांत उरलेल्या प्रतीच साक्षीदार उरतात, आणि त्या प्रती न्यूयॉर्कपुरत्याच नव्हत्या. मुंबईत ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं, गोव्याचे वादक त्या वाद्यवृंदांत होते, आणि रेकॉर्डी बोटींनी येत होत्या. म्हणून मुंबई, पुणे, मडगाव इथल्या घरांत अशा तबकड्या पडून असतील तर एवढंच करावं : लेबलवरचा क्रमांक, कडेवरचा क्रमांक, त्यापुढचं अक्षर किंवा आकडा, हे दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे वहीत उतरवून ठेवावेत, आणि घर आवरताना तबकडी रद्दीत जाणार असेल तर निदान ती वही एखाद्या संग्राहकाच्या हाती द्यावी.