यंत्राची साथ

शार्ङ्गदेवानें गीत, वाद्य व नृत्य या तिहींस मिळून संगीत म्हटलें. त्यांपैकीं वाद्याचा भार आतां घरोघरीं संगणक उचलूं लागला आहे. कोणास रुचो वा न रुचो. कॅनडांतील पीटर गॅनन यांच्या संस्थेनें १९९० सालीं ‘बॅंड-इन-ए-बॉक्स’ नांवाची प्रणाली बाजारांत आणली. गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवावयाचे स्वरसमूह, क्रमानें लिहावे, वादनाची एक शैली निवडावी, कीं ड्रम, बास, पियानो व गिटार यांची सबंध साथ क्षणांत तयार! पुढें तिच्यांत खऱ्या वादकांनीं वाजविलेले तुकडेहि जोडतां येऊं लागले.

नाकें मुरडणाऱ्यांस आम्ही इतकेंच आठवून देतों कीं, ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांनीं भास्करबुवा बखल्यांची साथ केली, त्या पेटीलाच १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें दार बंद केलें होतें.

आमच्या भाचीनें आपल्या दिवंगत वडिलांच्या पांच कवितांस चाली लाविल्या. ती तालुक्याच्या गांवीं शिक्षिका; चार वादक बोलावून, स्टुडिओ भाड्यानें घेऊन ध्वनिमुद्रण करणें तिच्या पगारांत बसणारें नव्हतें. प्रणालीनें दिलेल्या साथीवर ती पहिलें गाणें गायली व आईस ऐकविलें. आई म्हणाली, “गाणं त्यांचं आहे गं, पण दुकानांत वाजतं तसं वाटतंय.” वर्षश्राद्धास तीन आठवडे उरले होते.

दोष कोठें, हें पाहण्यास आम्ही तिच्याजवळ बसलों. पहिलें हें कीं, सर्व वाद्यें आरंभापासून अखेरपर्यंत अखंड वाजत होतीं. जिवंत वादक गायिकेचा शब्द येतांच हात आंवरतो. यंत्रास शब्द कळत नाहीं. दुसरें, प्रत्येक कडव्यांत तीच शैली, आणि तीच शैली जगांत हजारों जणांनीं वापरलेली.

प्रणाली प्रत्येक वाद्य निरनिराळें काढून देते. तसें तें काढून भाचीनें निम्मे पुसून टाकलें! ध्रुवपदास केवळ गिटार ठेविली. बास पहिल्या अंतऱ्यापासून. तेच कॉर्ड पुन्हा वाजवावयास सांगितले तर यंत्र दर वेळीं थोडें निराळें वाजवितें. म्हणून तिनें सात आवृत्त्या काढून त्यांतील हव्या त्या जागा निवडल्या. आरंभीचा व मधला वाद्यसंगीताचा तुकडा तिनें स्वतः पेटीवर वाजविला, चालींतलीच एक ओळ फिरवून. आमच्या मतें गाणें ‘तिचें’ झालें तें येथें.

लयीचें प्रकरण अधिक नाजूक. १९८३ सालीं रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतांत प्रत्येक आघाताचा जोर १२७ पर्यंतच्या आंकड्यानें लिहितात. सर्व आघात एका जोराचे व मात्रेवर काटेकोर पडले म्हणजे कान कंटाळतो. त्यावर अनेक प्रणालींत वादन ‘मानवी’ करण्याची एक कळ असते. ती स्वर यदृच्छेनें मागेंपुढें ढकलते. ही कळ आम्हांस मुळींच पसंत नाहीं. चांगल्या वादकाचें मागेंपुढें होणें यादृच्छिक नसतें, ती त्याची सवय असते. बास मागें रेलतो तर बहुधा रेलतोच. म्हणून भाचीनें बास सबंध गाण्यांत किंचित् मागें घेतला. अखेरच्या अंतऱ्यास लय जराशी उतरविली, ड्रम काढून टाकले आणि त्या लयीवर शेजारच्या मुलाकडून खरा तबला वाजवून घेतला.

आतां आमच्या शिक्षणास लागणारी एक गोष्ट. पियानोचा गांधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या शुद्ध गांधाराहून, अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर, सुमारें १४ भाग चढा असतो. पंचमांत हा फरक अवघ्या दोन भागांचा. गायिका गांधारावर थांबली कीं यंत्राचा कॉर्ड तिच्याशीं भांडतो. उपाय साधा: तेथें कॉर्डांतून गांधार गाळावा, षड्ज-पंचम तेवढे ठेवावे. आमच्याकडील भावगीतास याइतका दुसरा कोणताहि उपाय लागू पडला नाहीं.

मिश्रणाविषयीं थोडक्यांत सांगतों. पियानोचा डावा हात व बास एकाच खालच्या पट्टींत घुटमळतात, तेव्हां पियानोचे मंद्र स्वर कमी करावे. सर्व वाद्यांस एकाच खोलीचा घुमारा द्यावा. एक देवळांत व एक न्हाणीघरांत, असें वाटतां कामा नये.

गाणें दुसऱ्यांदा ऐकून आईनें तबला कोणीं वाजविला एवढेंच विचारलें आणि पुढचें लाव म्हणाली. पुढचें अद्याप तयार नव्हतें!

अखेरीस आवाज मोठा करण्याचा मोह फार होतो. त्यासाठीं गाण्यांतील चढउतार दाबून सपाट करितात. परंतु यूट्यूबसारख्या ठिकाणीं अति मोठें गाणें आपोआप खालीं आणिलें जातें. मोठेपणा जातो आणि सपाटपणा तेवढा उरतो. त्यापेक्षां आवडत्या जुन्या ध्वनिमुद्रिकेशेजारीं आपलें गाणें तितक्याच आवाजांत लावून पाहावें, मोबाइलच्या लहानशा कर्ण्यावरहि शब्द कळतात कीं नाहीं तें तपासावें, आणि हें काम रात्रीं थकल्या कानांनीं न करितां सकाळीं करावें.