टेक्सास, जॅक डेम्पसी की फ्लॉवरहॉर्न? आधी मासा ओळखा, मग पैसे घाला

कोल्हापुरात फिश ॲक्वेरियमचं दुकान टाकायचंय, किंवा घरातच माशांची पैदास करून विकायचीय? मग सिक्लिड हे कूळ नीट समजून घ्या. इथे चुकीचा मासा विकला की गिऱ्हाईक परत येतं, पण भांडायला.

बाजारात मिळणारा चिलापी म्हणजे तिलापिया. तोही सिक्लिडच, पण आफ्रिकेचा. आपण बोलतोय टेक्सास, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माशांबद्दल.

टेक्सास सिक्लिडला शास्त्रीय नाव १८५४ साली मिळालं. अमेरिकेचा मूळ रहिवासी असलेला हा एकमेव सिक्लिड. करड्या अंगावर बारीक निळसर-पांढरे ठिपके. ‘ग्रीन टेक्सास’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा त्याचा मेक्सिकोतला भाऊबंद असतो, त्याचे ठिपके मोठे. जॅक डेम्पसीचं अंग गडद, त्यावर हिरवी-निळी चमक. १९१९ ते १९२६ जगज्जेता असलेल्या बॉक्सरचं नाव त्याला मिळालंय, म्हणजे स्वभाव कळला असेलच. आपल्या तालमीत असता तर वस्तादांनी त्याला वेगळाच ठेवला असता! फायरमाउथ मात्र लाल गळा फुगवून दम देतो, भांडतो कमी. आणि फ्लॉवरहॉर्न निसर्गात सापडतच नाही. तो १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला संकर आहे.

खरी अडचण पिल्लांची. दोन इंची टेक्सास आणि दोन इंची संकर यांत जाणकारही फसतो. म्हणून शक्य असेल तर आई-बाप मासे बघूनच माल उचला.

आता टाकी. टेक्सास वाढून फूटभर होऊ शकतो. त्यामुळे टेबलावरच्या छोट्या टाकीसाठी तो विकूच नका. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे साधारण २५० लिटर पाणी. नुसतं पाणीच अडीचशे किलो! स्टँड त्या हिशोबाने घ्या. आठवड्याला पाव ते तीस टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. बोअरचं जड पाणी या माशांना सहसा चालतं. टेक्सास थोडी थंडी सोसतो, बाकीच्यांना डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो.

धंद्याचा मुद्दा इथेच येतो. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. गाळ्याचं भाडं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. घाई करून पहिल्याच आठवड्यात टाक्या भरल्या तर मासे मरतात आणि भांडवल पाण्यात जातं, शब्दशः. म्हणून टाक्या घरी तयार करा, गाळा नंतर घ्या.

कॉन्व्हिक्ट सिक्लिड सहज पिल्लं देतो. मादीच्या पोटावर नारिंगी छटा असते, जोडी लगेच ओळखता येते. पण जे सगळ्यांना जमतं त्याला भाव मिळत नाही. पैदास शिकायला ही जोडी उत्तम, कमाईसाठी नाही. माझ्या मते सुरुवातीची नियमित कमाई लोकांच्या टाक्या महिन्याच्या बोलीवर साफ करून देण्यात आहे.

एक गोष्ट बिलावरच छापा: ‘मासा नकोसा झाला तर आमच्याकडे आणून द्या.’ नाहीतर लोक तो रंकाळ्यात सोडतात. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या कालव्यांत हाच टेक्सास सिक्लिड मूळचा नसताना पसरला, आणि आता तो तिथून निघत नाही.