बलस्थाने, संकटे आणि धंद्याचे धोरण

लातूर जिल्ह्यातील औशाचा भुईकोट किल्ला खोलगट जागी बांधलेला असून त्याच्या सभोवार उंच भूभाग आहे; वरकरणी ही दुर्गरचनेतील उणीवच वाटावी, परंतु याच स्थानामुळे किल्ल्याचा बराचसा भाग दुरून नजरेस पडत नाही, आणि त्याच्या सर्वोच्च ठिकाणावरून मात्र चालून येणारी फौज फार आधी दिसते. संकटाची दिशा ओळखून त्याच्यासमोर आपले नेमके बळ उभे करणे, हे तत्त्व व्यापारालाही तितकेच लागू आहे.

1982 साली हाइन्ट्स वाइरिख या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी या विचाराला कोष्टकाचे रूप दिले. एका बाजूस आपली बलस्थाने व उणिवा, दुसऱ्या बाजूस बाहेरील संधी व संकटे मांडून, त्यांच्या जोड्यांतून निघणाऱ्या चार घरांत प्रत्यक्ष करावयाच्या तजविजी लिहावयाच्या, अशी ही पद्धत आहे. नुसती यादी म्हणजे धोरण नव्हे. धोरण जन्मते ते जोडी लावल्यावर.

औसा तालुक्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे उदाहरण घेऊ. काळी जमीन, सोयाबीन व तुरीचा अनुभव आणि जवळच असलेली लातूरची आडत बाजारपेठ व डाळ गिरण्या, ही तिची बलस्थाने. परदेशी तुरीची आयात, सुगीच्या आवकेने कोसळणारे भाव आणि ज्या अवर्षणाने 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तसले अवर्षण, ही संकटे. बलस्थाने आणि आयातीचे संकट यांच्या घरात उत्तर येते ते स्थानिक वाणाच्या लौकिकाचे: तूर तशीच न विकता डाळ करून, प्रतवारी लावून, स्वतःच्या नावाने विकावी; याच जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, हे येथे ध्यानी घ्यावे. हाती रोकड नाही ही उणीव आणि सुगीतील मंदी हे संकट, यांच्या घरात शेतमाल तारण योजना बसते: बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवल्यास किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळू शकते, आणि माल घाईने विकावा लागत नाही.

मात्र आपल्या उणिवा लिहिताना भीड बाळगली, तर सारे कोष्टक व्यर्थ होय. म्हणून प्रत्येक उद्योजकाने कर्जाच्या दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी ही चार घरे सहकाऱ्यांसमवेत भरावीत, प्रत्येक तजविजीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व मुदत लिहावी, आणि दर खरिपापूर्वी ती नव्याने तपासावीत.