चार उड्या आणि एक आगगाडी



बेन गुरियनहून म्युनिकला थेट विमान जातं, सुमारे चार तासांत. शहाणी माणसं त्यानेच जातात. पण ज्याला विमानांचं वेड आहे त्याला एवढ्याने भागत नाही. त्याला मध्ये उतरायचं असतं, दुसरं विमान बघायचं असतं, त्याच्या शेपटीवरची अक्षरं वहीत उतरवायची असतात. माझ्या नातवाला हे वेड आहे. मला ते त्याच्या आधीपासून. शाळेत असताना कुर्ल्याच्या डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं मी मोजत बसायची आणि आईची हाक ऐकू यायची नाही.

तर जून २०२३ मध्ये आम्ही दोघं जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला निघालो ते असे : बेन गुरियन ते लार्नाका, लार्नाका ते अथेन्स, अथेन्स ते थेस्सलोनिकी, थेस्सलोनिकी ते म्युनिक, आणि शेवटी आगगाडी. नातवाने हिशेब केला. थेट अंतर साधारण २,६५० किलोमीटर, आमच्या चार उड्या मिळून २,८०० च्या आसपास. म्हणजे एवढी नाचानाच करून वाट फार लांबली नाही. वेळ आणि पैसे मात्र लांबले, ते सोडा.

मुलांनो, विमानाच्या अंगावरची पहिली अक्षरं म्हणजे त्याचं आडनाव. फोर-एक्स असेल तर इस्राएलचं, फाइव्ह-बी सायप्रसचं, एस-एक्स ग्रीसचं, डी जर्मनीचं. आणि व्हीटी दिसलं तर आपल्या भारताचं. एवढं पाठ केलंत तर विमानतळावर दोन तास कसे जातील कळणार नाही.

चारांतली सगळ्यात छान उडी तिसरी, अथेन्स ते थेस्सलोनिकी. विमान एटीआर ७२, पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. मोठी जेट विमानं दहा-अकरा किलोमीटर वर जातात, हे त्याहून बरंच खालून उडतं. शिवाय याचे पंख छपराच्या पातळीला असतात, त्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. किनारा, गावं, बोटी सगळं दिसतं. डाव्या खिडकीत ऑलिंपस डोंगर होता, २,९१७ मीटर उंच. आवाज खूप होतो, पण आमच्या वयात कमी ऐकू येण्याचा हा एक फायदा.

आता नर्स म्हणून थोडं बोलते, कारण वाचकांतले बरेच जण माझ्याच वयाचे. लहान उड्या पायांना बऱ्या, असं पुष्कळजण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. पण त्याच अहवालात हेही होतं की थोड्या दिवसांत अनेक विमानप्रवास केले तरी धोका वाढतो, कारण तो उतरल्यावर लगेच संपत नाही, काही आठवडे राहतो. म्हणून मधल्या वेळात खुर्ची धरून बसू नका, चाला. विमानात घोटे फिरवा, पाणी प्या. पूर्वी गाठ झाली असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांचे कान विमान उतरताना दुखतात, आणि चार विमानं म्हणजे चारदा दुखणार. गोळी चघळायला द्या, झोपलं असेल तर उठवा.

दुसरं तिकिटाचं. सगळे टप्पे एका तिकिटावर असतील तर सामान पुढे आपोआप जातं, आणि पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं तर तुम्हाला पोचवणं कंपनीच्या माथी. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर सगळं तुमच्या नशिबावर. आमचं लार्नाकापर्यंतचं तिकीट वेगळं होतं, म्हणून तिथे मुद्दाम रात्रभर राहिलो. पुढचे तीन टप्पे एका तिकिटात.

म्युनिकचा विमानतळ वेड्यांसाठी केलेला आहे असं वाटावं. तिथे एक टेकडी रचली आहे, वर चढून धावपट्टी बघायची, आणि पायथ्याशी जुनी विमानं मांडलेली. त्यात सुपर कॉन्स्टेलेशन आहे, तीन शेपट्यांचं. एअर इंडिया १९४८ मध्ये मुंबईहून लंडनला गेली ती याच्याच मोठ्या बहिणीतून. शहराचा जुना विमानतळ रीमला होता. मे १९९२ मध्ये एका रात्रीत सगळा बाडबिस्तारा उचलून इकडे आणला आणि सकाळी विमानं नव्या जागी उतरली. आमच्या वॉर्डाला एक मजला बदलायला आठवडा लागला होता!

विमानतळावरून रेगेन्सबर्गला सरळ गाडी आहे, २०१८ पासून. सव्वा तासाच्या आसपास लागतो. डॅन्यूब नदीकाठचं जुनं गाव, बाराव्या शतकातला दगडी पूल. त्याच शतकात या गावचा रब्बी पेथाहिया प्राग, कीव्ह करत बगदादपर्यंत गेला होता. त्याचा प्रवासही टप्प्याटप्प्याचाच.

तुम्ही म्हणाल, जिथे नेहमीचं प्रवासी विमान उतरतसुद्धा नाही त्या गावी विमानवेडे कशाला गेले? सांगते. बेअर-शेवाजवळ हात्झेरिमला आपल्या हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथे अव्हिया एस-१९९ नावाचं एक बुटकं विमान ठेवलंय. इस्राएलचं पहिलं लढाऊ विमान ते. नातवाने त्याची माहिती वाचली आणि गप्प झाला. कारण ते मूळचं जर्मन मेसरश्मिट १०९. आणि ते १०९ ज्या मोठ्या कारखान्यांत होत असे, त्यांतला एक रेगेन्सबर्गला.

कारखाना गावाच्या पश्चिमेला होता. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकन बॉम्बफेकी विमानं इंग्लंडहून आली, बॉम्ब टाकले आणि परत न फिरता आल्प्स ओलांडून आफ्रिकेत अल्जीरियाला उतरली. गावात सुमारे ४०० माणसं मेली, त्यात कारखान्यातली शिकाऊ मुलंही होती. रेगेन्सबर्गला गेलेल्या विमानांतली २४ पडली. त्यानंतर काम जागोजागी वाटून दिलं, आणि विमानाचे भाग फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत हजारो कैद्यांकडून करून घेतले. दगडी पूल ओलांडला की श्टाट-आम-होफ नावाची वस्ती लागते. तिथल्या कोलोसेउम नावाच्या खानावळीच्या दालनात मार्च-एप्रिल १९४५ मध्ये सुमारे ४०० कैदी कोंडले होते. रोज या पुलावरून त्यांना बॉम्बने फुटलेलं रेल्वे यार्ड दुरुस्त करायला नेत. त्यात पुष्कळ यहूदी होते.

आम्ही तिथे उभे होतो. माणसं आइस्क्रीम खात चालली होती. नातवाने विचारलं, "आजी, मग आपलं विमान पण त्या कैद्यांनीच केलं का?"

मी त्याला सांगितलं, नाही. आपली विमानं युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात झाली. आराखडा जर्मन, उरलेले सुटे भाग जर्मन, हात चेक. मूळचं इंजिन मिळेना म्हणून बॉम्बफेकी विमानाचं जड इंजिन बसवलं, त्यामुळे ते इतकं हट्टी झालं की चेक वैमानिक त्याला खेचर म्हणत. पण उरलेले भाग कोणाच्या हातचे, हे सांगता येत नाही. वॉर्डात रक्तदाब मोजताना बाही वर केली की कितीतरी हातांवर गोंदलेले आकडे दिसायचे. तेही मी त्याला सांगितलं. त्याने वही काढली नाही त्या दिवशी.

इस्राएलने अशी २५ विमानं घेतली. रेगेन्सबर्गहून दोनशे किलोमीटरांच्या आत असलेल्या झातेत्सच्या धावपट्टीवरून १९४८ च्या मे महिन्यात ती सुटी करून मालवाहू विमानांतून आणायला सुरुवात झाली. कमी पल्ल्याची विमानं कॉर्सिका बेटावर उतरून तेल भरायची. २९ मे ला त्यातली चार उडाली आणि अश्दोदच्या पुलाजवळ इजिप्तच्या सैन्यावर तुटून पडली. आपले अश्दोदचे वाचक त्या पुलाजवळून रोज बसने जातात.

पुढे सप्टेंबरात स्पिटफायर विमानं तर स्वतः उडत आली, चेक देशातल्या कुनोविसेहून युगोस्लाव्हियात थांबून. पहिल्या खेपेला सहा निघाली, एकाचं मध्येच उतरताना नुकसान झालं, दोन ऱ्होड्सला उतरावी लागली, तीन पोचली. नातू सध्या त्या वाटेने जाता येईल अशी तिकिटं शोधतोय. प्राग, पॉडगोरित्सा, मग बघू म्हणतो. मी गुडघ्यांना विचारून कळवते म्हटलंय.