फोटो पांढरे का आले?

दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मी नवा डीएसएलआर कॅमेरा घेतला. त्याच रात्री अख्खी विंग आमच्या रूममध्ये जमली. एका ट्यूबच्या उजेडात सगळ्यांचे फोटो काढले, झकास आले. मी लगेच स्वतःला फोटोग्राफर समजू लागलो!

दुसऱ्या दिवशी रविवार. माझ्या रूममेटचं घर अलिबागजवळ, वरसोलीला. त्याच्या आजोबांनी विकलेली होडी त्या दुपारी नवा मालक नेणार होता. आजोबांनी तांडेल म्हणून आयुष्य काढलं ते त्याच होडीवर. रूममेट म्हणाला, "चल, होडीबरोबर त्यांचा एक चांगला फोटो काढू." भर उन्हात, वाळूवर ओढलेल्या होडीला हात लावून आजोबा ताठ उभे राहिले. मी तीसेक फोटो काढले. उन्हामुळे स्क्रीनवर धड काही दिसत नव्हतं. "झाला का रं फोटू?" आजोबांनी विचारलं. "एकदम मस्त!" मी ठोकून दिलं.

हॉस्टेलवर येऊन फोटो लॅपटॉपवर उघडले आणि पोटात गोळा आला. सगळं पांढरंफटक! कुठे टोपीची कड, कुठे होडीखालची सावली, बस्स. आणि होडी तर एव्हाना गेली होती.

विंगमध्ये निदान सुरू झालं. एक म्हणाला, "पीस खराब आहे, बदलून घे." दुसरा म्हणाला, "वाळू चमकते ना, म्हणून." ऐकायला पटतं, पण हे उलटं आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. चमकती वाळू दिसली की तो प्रकाश कमी करतो, म्हणजे फोटो उलट काळपट यायला हवा. वाळू निर्दोष!

खरा धागा एका फोटोत सापडला. आजोबा सुरूच्या बनात सावलीला चहा पीत बसले होते, तो फोटो चांगला आला होता. सावलीत ठीक आणि उन्हातच पांढरं, म्हणजे कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याची कुठली तरी मर्यादा संपत होती. फोटोची माहिती उघडून पाहिली: आयएसओ ३२००, छिद्र एफ ४, शटर १/४०००. आदल्या रात्री ट्यूबच्या उजेडासाठी ठेवलेला आयएसओ मी बदललाच नव्हता!

आता गणित करू. जुन्या फोटोग्राफर मंडळींचा नियम असा, की लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवलं तर शटर साधारण एक भागिले आयएसओ इतकं ठेवायचं. म्हणजे आयएसओ ३२०० ला १/३२००. छिद्र एफ १६ वरून एफ ४ केलं की प्रकाश १६ पट वाढतो, म्हणून शटर हवं १/५१२००. माझ्या कॅमेऱ्याची धाव १/४००० पर्यंतच! म्हणजे जवळपास १३ पट जास्त प्रकाश आत गेला. व्ह्यूफाइंडरमध्ये ४००० हा आकडा सारखा लुकलुकत होता. कॅमेरा बिचारा ओरडून सांगत होता, मला वाटलं ती त्याची स्टाइल आहे. आयएसओ १०० असता तर १/१६०० मध्ये काम भागलं असतं.

"फोटोशॉपमध्ये नीट कर की," असंही सुचवलं गेलं. करून पाहिलं. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक बादली समजा. प्रकाश पडला की ती भरते. काठोकाठ भरल्यावर वरून कितीही ओता, मोजमाप तेवढंच. जेपेगमध्ये पूर्ण पांढऱ्याचा आकडा २५५. आजोबांचा चेहरा २५५, होडीही २५५. फोटो गडद केला की दोन्ही सारखेच करडे होतात, हरवलेलं काही परत येत नाही. रॉ फाइल असती तर थोडी जागा असते, पण १३ पटीपुढे तीही हात टेकते.

तेव्हा तुमचे फोटो पांढरे आले तर या क्रमाने तपासा :

१. आयएसओ. उन्हात १०० किंवा २००.
२. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. चुकून अधिककडे सरकलंय का? शून्यावर आणा.
३. मोड. 'एम'वर असेल तर सगळी जबाबदारी तुमची.
४. मीटरिंग. 'स्पॉट' असेल आणि मधोमध काळी वस्तू असेल तर बाकीचं पांढरं पडणारच.
५. एवढं करूनही शंका असेल तर 'ए' मोडवर एकच दृश्य एफ ४ आणि एफ १६ वर काढा. एफ १६ चाच फोटो पांढरा आला तर लेन्सचं छिद्र मिटत नसण्याची शक्यता आहे. मग मात्र दुकान गाठा.

आणि उन्हात स्क्रीनवर नव्हे, हिस्टोग्रामवर विश्वास ठेवा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला की समजा, बादल्या ओसंडल्या.

यंत्रावर आळ घेण्याआधी भोवतालची परिस्थिती बघावी, हे खरं तर अलिबागनेच शिकवायला हवं होतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मोजमापं बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. त्या लोकांनी अडचण आधी पाहिली. मी नंतर पाहिली.

सुरूच्या बनातला तो फोटो मोठा करून आजोबांना नेऊन दिला. चेहरा स्वच्छ आलाय, पण मागे जिथे होडी होती तिथे नुसता पांढरा डाग. आजोबांनी बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाले, "मी हाय, पन होरी कुठं हाय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता कॅमेरा बाहेर काढला की पहिला फोटो चाचणीचा काढतो, सावलीत उभं राहून हिस्टोग्राम बघतो, आणि मगच माणसांना उभं करतो. तुम्हीही तसंच करा.