आधी थांबायला शिका

आमच्या ओळखीचा बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबतातला! पण पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाचा डोंगर उतरण्याचा स्कीइंग हा खेळ नवख्याला शिकवतात कसा, हे वाचताना आम्ही रंगून गेलो.

ऑस्ट्रियातील हान्नेस श्नायडर (जन्म १८९०) हे १९०७ पासून सेंट अँटन गावी स्की शिकवू लागले. त्यांनी शिकण्याच्या पायऱ्या पाडल्या. आधी सौम्य उतार. मग स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर, नांगराच्या फाळासारखी. टाचा बाहेर रेटल्या की आतल्या कडा बर्फात रुततात, वेग मोडतो. थांबता आले की मगच वळणे. उजव्या पायावर भार द्यावा, माणूस डावीकडे वळतो.

नवखा भीतीने मागे रेलतो आणि तिथेच फसतो, कारण मग स्की पुढे पळतात. म्हणून गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवायला सांगतात. पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायचे, हेही शिकवावे लागते.

श्नायडर शिकणाऱ्यांचे कुवतीप्रमाणे वर्ग करीत. एक पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या वर्गात प्रवेश नाही. आम्हाला हे फार पटले. कच्च्याला कोणी पुढे ढकलत नाही, की हुशारामागे फरफटतही नेत नाही.

१९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि या शिक्षकाला तुरुंगात टाकले. सुटका झाल्यावर १९३९ मध्ये ते अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे गावी पोहोचले. तिथे पुन्हा नवख्यांचे वर्ग सुरू झाले.