जिभेचा कौल आणि यकृताचा हिशेब

नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. ती संपत येते तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह टपकू लागतो. पहाटेच्या अंधारात फुले गळतात आणि उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग साखरच असतो. द्राक्ष असो वा मोह, पुढचे काम यीस्ट नावाचा एकच सूक्ष्मजीव करतो. तो साखर खातो आणि अल्कोहोल टाकतो.

द्राक्षाच्या वाट्याला मात्र पाहुणचार मोठा. मोठी वायनरी नवी श्रेणी बाजारात आणते, तेव्हा पाहुण्यांपुढे पाच-सहा ग्लास ओळीने मांडले जातात. आधी शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ अशा पांढऱ्या वाइन, मग रोझे आणि शेवटी शिराझसारखी लाल. रंग पाहायचा, ग्लास फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि जाणकार असाल तर शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. बाहेरून हे नाटक वाटते, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे.

गोड जिभेच्या टोकाला आणि कडू मुळाशी कळते, हा शाळेतल्या पुस्तकातला नकाशा चुकीचा आहे. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी किरकोळ फरक नोंदवला होता, पुढे त्याचाच नकाशा झाला. प्रत्यक्षात सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. घोट तोंडात असताना त्याची वाफ घशामागून नाकात चढते. सर्दी झालेल्याला वरण-भात मचूळ लागतो तो यामुळेच. लाल वाइनने तोंड कोरडे पडते, ते टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तिचा बुळबुळीतपणा काढून घेते. कच्चे टेंभरू किंवा हिरड्याचा तुकडा चावलेल्याला हा अनुभव नवा नाही.

डोळेही या कामात लुडबुड करतात. फ्रान्समधील बोर्दोच्या संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लागू पडणाऱ्या शब्दांत केले. तेव्हा बाटलीमागच्या ‘चॉकलेटची छटा, ओल्या मातीचा दरवळ’ या मजकुराने फार दडपून जाण्याचे कारण नाही.

जिभेचे एवढे झाले. यकृताला मात्र यातल्या कशाशीच देणेघेणे नाही, ते फक्त ग्रॅम मोजते. न थुंकता सहा ग्लासांतले प्रत्येकी ५० मिलिलिटर गिळले, तर ३०० मिलिलिटर वाइन पोटात गेली. साडेबारा टक्क्यांनी त्यात सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आले. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमचा निपटारा करते, म्हणजे नुसती ‘चव’ उतरायला तीन-चार तास लागतात. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ४१ ग्रॅम असते आणि विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटरच्या पव्व्यात ६० ग्रॅमच्या आसपास. यीस्ट स्वतः बनवलेल्या अल्कोहोलनेच मरत असल्यामुळे वाइन सहसा चौदा-पंधरा टक्क्यांपुढे जात नाही. मोहाचे तसे नाही. सडवा भट्टीवर चढवून वाफ थंड केली जाते. पहिल्या धारेची सर्वांत कडक, पुढची उतरत जाते.

मोहाच्या दारूनेच डोळे जातात, असा एक समज आहे. आंबवण्यात मिथेनॉल तयार होते, पण अगदी थोडे. माणसे दगावतात ती मुख्यतः कारखान्यातले मिथेनॉल दारूत मिसळल्याने. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत शंभरावर बळी गेले ते अशाच दारूचे. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि ते दृष्टीच्या नसेवर घाला घालते. प्यायल्यानंतर काही तासांनी धुके पडल्यासारखे दिसू लागले, तर नशा उतरायची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य १९९० च्या दशकात फ्रान्सवरून जगभर पसरले. त्यातल्या रेसव्हेराट्रॉलचा फार गवगवा झाला. पण एक लिटर वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते, तर माणसांवरच्या प्रयोगांत अनेकदा शेकडो मिलिग्रॅम दिले गेले. शिवाय जुन्या पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. त्यांच्याशेजारी थोडी पिणारे धडधाकट दिसणारच! अल्कोहोलयुक्त पेये कर्करोगकारक आहेत, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. सुरक्षित म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. वाइन त्याला अपवाद नाही.

या दोन जिल्ह्यांत त्यात खर्ऱ्याची भर पडते. तंबाखू आणि सुपारीने तोंडाचे अस्तर आधीच खरवडलेले असते. त्यावर अल्कोहोल आले की तंबाखूतली विषे आत शिरायला वाट सोपी होते. दोन्ही व्यसने असणाऱ्याला तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. क्षयाच्या गोळ्या सुरू असतील, तर यकृतावर दुहेरी भार पडतो. सिकलसेलच्या रुग्णाला दारूमुळे शरीरातले पाणी कमी होऊन वेदनेचा झटका येऊ शकतो.

कायदा मात्र वैनगंगा ओलांडली की बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असाही युक्तिवाद झाला. विरोधानंतर तो निर्णय अंमलात आला नाही. यकृताचे मत कोणी विचारले नव्हते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेलाही मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे, त्याची चर्चा मात्र शहरात फारशी होत नाही.

वाइनच्या बाटलीवर निदान टक्के छापलेले असतात. मोहाच्या दारूवर तसे काही नसते. ‘किती घेता?’ या प्रश्नाला रुग्णाकडून ‘दोन ग्लास’ असे उत्तर येते. मग डॉक्टरला विचारावे लागते, ग्लास केवढा, धार पहिली की शेवटची, पाणी घातले होते का आणि सोबत खर्रा किती.